वीस दिवसांची देवी

मला गोष्ट रंगवून सांगायची खोड आहे. शिक्षक म्हणून तिचा फायदाच झाला, असं मी कित्येक वर्षं मानत होते. मागच्या बाकावर डुलक्या काढणारी मुलंसुद्धा माझ्या तासाला मान वर करून ऐकायची, आणि मला त्याची चटक लागली होती. मी तापीकाठची, प्रकाशा गावची. घाटावर येणाऱ्या यात्रेकरूंना देवळाच्या कथा सांगणारी माणसं लहानपणापासून पाहिलेली. त्यांच्यातलंच काहीतरी अंगात उतरलं असावं. पुढे शहाद्याकडच्या एका मोठ्या गावात अकरावी-बारावीला इतिहास शिकवायला लागले. गावाचं नाव सांगत नाही. शाळा अजून चालू आहे आणि मीही अजून तिथेच आहे.

अॅझ्टेक लोक आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. म्हणून तर ते मला आवडायचे. कुणाचा तास रिकामा असला की मी वर्गात शिरायची आणि मेक्सिकोतल्या तळ्यात वसवलेलं ते शहर फळ्यावर काढायची. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ, वर बळीचा दगड. देवांनी स्वतःचं रक्त दिलं म्हणून सूर्य चालायला लागला, आता तो थांबू नये म्हणून माणसांनी रक्त द्यायचं, अशी त्यांची समजूत होती. लढाईत पकडून आणलेली माणसं वर नेली जायची. अंकित गावांचे सरदार मुद्दाम बोलावून समोर बसवले जायचे, म्हणजे घरी जाऊन त्यांनी काय पाहिलं ते सांगावं. यातली बरीचशी वर्णनं त्यांना जिंकून घेणाऱ्यांनी लिहिली आहेत, तेव्हा आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हेही मी सांगायची. पण ते घाईघाईत, कारण त्याने गोष्टीचा रंग उतरतो.

मुलांना सगळ्यात भावायची ती निवडलेल्यांची गोष्ट. एका तरुणाला वर्षभर देव म्हणून वागवायचे. उत्तम कपडे, फुलं, बासऱ्या. तो रस्त्याने निघाला की लोक पाया पडायचे. वर्ष संपलं की तो देवळाच्या पायऱ्या चढायचा आणि चढता चढता एकेक बासरी मोडून टाकायचा. कोवळ्या मक्याच्या देवीसाठी मुलगी निवडायचे. तिच्या ओठांभोवती पिवळा रंग, कपाळाला लाल. ती नाचत नाचत वर जायची.

एका वर्षी ही गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारलं, "मॅडम, तिला माहीत असायचं का?"

"असायचं."

"मग पळून का नाही जायची?"

"मान होता तो," मी म्हटलं. "कुणालाही मिळत नव्हता." घंटा झाली आणि मी डस्टर उचलून बाहेर पडले. उत्तर किती झकास दिलं म्हणून स्टाफरूममध्ये स्वतःवरच खूश होते.

त्याच हिवाळ्यात स्नेहसंमेलनासाठी नाटक बसवायचं माझ्याकडे आलं. दरवर्षीची तीच शिवकालीन तलवारबाजी मला नको होती. मक्याच्या देवीचं नाटक बसवते म्हणून मीच पुढे झाले. अॅझ्टेकांचा महिना वीस दिवसांचा. आमच्याकडेही तालमीला बरोबर वीस दिवस होते. मग मला आणखी एक शक्कल सुचली. जी मुलगी देवी होईल तिला वर्गाने हे वीस दिवस खरोखर देवीसारखं वागवायचं. तिचं दप्तर तिला उचलू द्यायचं नाही, रोज केसांत फूल माळायचं, ती वर्गात आली की उभं राहायचं. म्हणजे स्टेजवर अभिनय करावा लागणार नाही, आपोआप येईल. मुलांनी टाळ्या पिटल्या.

देवी म्हणून मी आधी केळी-उसाच्या बागायतदाराची मुलगी निवडली. घर मूळचं गुजरातकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी स्थिरावलेलं. मुलगी दिसायला देखणी, आवाज खणखणीत. दुसऱ्याच दिवशी तिची आई स्कूटीवर शाळेत हजर. केळ्यांची एक फणी माझ्या टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मन्ही पोरले मराना पार्ट नका देऊ."

"वहिनी, नाटक शे ते. खोटं खोटं शे."

"खोटं व्हई, पन वाईट दिखस. उद्या तिन्हं लगीन करनं शे. लोके काय म्हनतीन?"

मला हसू आलं. बाईंनाही आलं. मी लगेच कबूल केलं, चहा मागवला, आणि इकडच्यातिकडच्या गप्पा मारत त्यांना गेटपर्यंत सोडून आले. मुलीला राणीची भूमिका दिली. हेडमास्तरांना सांगितलं की माझी देवी गेली, आता काय करू? ते हजेरीपटातून मान वर न काढता म्हणाले, "हॉस्टेलमधली एखादी घ्या ना. तालमीला थांबतील. घरून कुणी भांडायलाही येणार नाही."

हे मला अगदी व्यवहारी वाटलं. आमच्या हॉस्टेलमध्ये डोंगरातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यांवरच्या मुली राहतात. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप ऊस तोडायला गुजरातेत जातात, ते होळीला परततात. त्यांच्यातलीच अकरावीची एक मुलगी मी निवडली. अंगाने बारीक, बोलायची कमी, घरी भिली आणि माझ्याशी पुस्तकातलं मराठी. मी सगळ्या वर्गासमोर तिचं नाव घेतलं तेव्हा ती उभी राहिली आणि तिने फक्त मान हलवली. तिच्या मागच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, हेवा वाटला असेल.

त्या दिवसापासून ती बदलली. तालमीला वेळेच्या आधी यायची, एक शब्द चुकायची नाही. चप्पल घालणं तिने सोडलं. बाकावर बसेना, भिंतीशी जमिनीवर बसू लागली. वर्ग तिच्यासाठी उभा राहायचा तेव्हा पहिल्या दिवशी खिदळणारी मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी खिदळेनाशी झाली. तिच्या शेजारची जागाही रिकामी राहू लागली. कुणी तिला चिडवत नव्हतं, कुणी तिला हाकही मारत नव्हतं. फूल तेवढं रोज दारात ठेवलेलं असायचं. मी वर्गात शिरले की त्या शांततेने माझ्याही अंगावर काटा यायचा, आणि मी तो नाटकाच्या यशात धरायची. इतर मुलींना मी ओरडायची, "तिच्याकडे बघा जरा. भूमिका अशी अंगात भिनायला लागते!"

नवव्या-दहाव्या दिवशी हॉस्टेलच्या स्वयंपाकाच्या मावशींनी मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, ती पोर मन्हा हातनं काहीच खात नही. इचारं तं नुसती हासस."

"मावशी, आजकालच्या पोरी. बारीक व्हायचं असेल."

"आनखी कितली बारीक व्हई ती?" मावशी म्हणाल्या, आणि मी पुढे निघून गेले. घाईत होते. मला देवळाच्या पायऱ्यांसाठी बाकं मागून आणायची होती.

रंगीत तालीम दुपारी ठेवली होती. मी स्वतः तिच्या ओठांभोवती पिवळा रंग लावला, कपाळाला लाल. हनुवटी धरून तोंड वर केलं तेव्हा तिचे डोळेही पिवळट दिसले. तोंडभर रंग, वर स्टेजचे दिवे लावलेले. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. अंग गरम लागलं. म्हटलं, उत्साह आहे. तिच्या गळ्यात आम्ही मक्याच्या दाण्यांची माळ घातली. राणी झालेल्या मुलीने तिला हात दिला आणि ती बाकांच्या पायऱ्या चढायला लागली.

तिसऱ्या पायरीवर ती थांबली, चौथीवर गुडघ्यांत वाकली आणि वरच्या फळीवर आडवी झाली. पडणं मी शिकवल्याहून कितीतरी खरं होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मी.

ठरल्याप्रमाणे दोघींनी तिच्यावर लाल ओढणी टाकली. ओढणीखाली ती थरथरत होती. मी म्हटलं, "छान! आता ऊठ." ती उठली नाही. हॉस्टेलमधली तिची मैत्रीण, पुजाऱ्याची भूमिका केलेली, माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तिला सिकलसेल आहे."

रक्ताचा तो आजार मला माहीत असायला हवा होता. ऑफिसच्या फाइलीत तिचं कार्ड होतं, माझ्या टेबलापासून चार पावलांवर.

जीपने आम्ही तिला नंदुरबारला नेलं. वाटेत ती एकदाही ओरडली नाही. खड्डा आला की माझं मनगट घट्ट धरायची, बस. दवाखान्यात सलाइन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर तरुण होते, चिडलेले. "हिने पाणी किती दिवसांपासून कमी केलंय? गोळ्या कधीपासून बंद आहेत? हे जिवावर बेततं, माहीत आहे ना तुम्हाला?" मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. मग तिने सगळं सांगितलं.

होळीच्या आधी त्यांच्या डोंगरात पुरुष पालनी धरतात, म्हणजे व्रत. देवाचं सोंग घ्यायचं तर आधी काही दिवस ते पाळतात. खाटेवर झोपत नाहीत, पायात काही घालत नाहीत, दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत. मग अंगाला राख फासून, कमरेला भोपळे बांधून, डोक्यावर उंच टोप चढवून नाचतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी होळीला मी जीप करून मोलगीला जाते आणि मोबाइल भरून फोटो काढून आणते. हिचा बाप दरवर्षी पालनी धरणारा. ती त्याला पाहतच वाढली होती. शाळेने सगळ्यांसमोर नाव घेऊन तिला धान्याची देवी केलं. देवीचं सोंग अंगावर घ्यायचं आणि पाळायचं काहीच नाही, असंही असू शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर उलटंच सांगितलं होतं. वीस दिवस खरं माना, म्हणाले होते.

हॉस्टेलमध्ये स्वतः रांधायची सोय नाही. म्हणून इतके दिवस ती घरून आणलेला भाजलेला मका आणि दाणे खात होती. मावशींच्या माठातलं पाणी चालत नव्हतं, तेव्हा पहाटे हातपंपावर जाऊन स्वतः भरलेल्या एका बाटलीवर दिवस काढायची. सकाळची गोळीही हॉस्टेलमध्ये दुसऱ्याच्या हातून घ्यायची असते, म्हणून तीही नाही. सगळ्या मुलींना ठाऊक होतं.

"मग मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"तुम्हीच दिलेलं ना, मॅडम," मैत्रीण म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

सलाइन चालू होतं, पण डॉक्टरांना तिने तोंडानेही भरपूर पाणी प्यायला हवं होतं. नर्सने ग्लास पुढे केला. तिने ओठ मिटून घेतले. मी ग्लास घेतला, विनवण्या केल्या, रागावले, रडले. तिने मान फिरवली. मी म्हटलं, "नाटक रद्द केलं गं. संपलं सगळं." यावर ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. इतके दिवस सोसलं तेव्हा ती एवढी घाबरली नव्हती.

"अर्धं सोडलं तर?" ती म्हणाली. "मग काय होईल?"

मी त्या पायऱ्या कशा चढायच्या ते रंगवून सांगितलं होतं. परत खाली कसं उतरायचं याचा विचार माझ्या गोष्टीत कुठेच नव्हता. डॉक्टर दोनदा येऊन ग्लासाकडे बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला बाहेर बोलावून म्हणाले की रक्ताची सोय बघून ठेवा.

मैत्रिणीने तिच्या आईला फोन लावला. उसाच्या फडात रेंज नसते, पाच-सहा वेळा लावल्यावर लागला. दोघी भिलीत बोलत होत्या. मला कळत नव्हतं. मग मैत्रीण माझ्याकडे वळली. "मॅडम, तिची आई विचारते, सोंग कुणी घातलं?"

"मी."

"ती म्हणते, जिने घातलं तिनेच काढायचं. दुसऱ्या कुणाला चालणार नाही."

मी रुमाल ओला केला. तो नीट पिळला नाही आणि पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. आधी कपाळाचा लाल पुसला, मग ओठांभोवतीचा पिवळा. माळ काढली. दोन दाणे तुटून खाटेखाली गेले, तेही वाकून शोधून आणले, कारण मैत्रीण म्हणाली की राहू देऊ नका. मंत्र मला येत नव्हता. मी आमच्या अहिराणीत, माझी आई बोलायची तसं म्हटलं, "मी चढाडेल व्हतं, मी उतारी ऱ्हायनू. या पोरवर आते काही नही." कुणाला उद्देशून म्हणत होते, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. फोन चालूच होता. पलीकडून तिची आई काहीतरी बोलली आणि मुलीने तोंड उघडलं. तिने तो ग्लास संपवला, मग दुसरा. मी तिसरा भरायला गेले आणि नळाशी उभी राहून हुंदके देत रडले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. हेडमास्तर काळजीत होते, पण पाहुण्यांना पत्रिका गेल्या होत्या. "दुसरी कुणी बघा. दोन दिवस आहेत अजून," ते म्हणाले. मी तडक वर्गात गेले, नाटक होणार नाही हे सांगायला. मी तोंड उघडायच्या आधीच हॉस्टेलमधल्या दोन मुली उभ्या राहिल्या. "मॅडम, आम्ही करतो. कुणीतरी पुरं करायला पाहिजे." बाकीचा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट सुटल्यासारखे चेहरे होते. राणीची भूमिका केलेली मुलगीही त्यांच्याकडेच बघत होती.

मी त्यांना खाली बसवलं. माळ मोडली, दाणे काढून ठेवले, सगळं उतरवलं, असं तीनदा सांगितलं. तरी त्या दिवशी त्यांचा नीट विश्वास बसला असं मला वाटलं नाही. बाकांच्या पायऱ्या मीच उचलून वर्गावर्गात परत नेऊन ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी तिची आई आली. दोन बस बदलून, उसाच्या पाचटाने हात चिरलेले. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि मला ते हवं होतं. तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मैत्रिणीने कारण सांगितलं, जीपमध्ये मुलीबरोबर बसून आलात म्हणून. एवढ्या मुलींत हिचं नाव घेतलंत, म्हणूनही. मी हात सोडवून घेतले. आधी दुसरीचं नाव घेतलं होतं हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मी पुस्तकं पुन्हा काढून वाचली, हे मात्र खरं. या वेळी पायऱ्यांची नि रंगांची वर्णनं सोडून दिली आणि वर कोण कोण जायचं, तेवढंच शोधत बसले. बहुतेक करून पकडून आणलेली, विकत घेतलेली, खंडणीत आलेली माणसं. कुणाला देव करत, कुणाला नुसतंच रांगेत उभं करत. ज्यांच्यासाठी भांडायला कुणी येणार नाही, अशी. वर्गात मी त्याला मान म्हटलं होतं.

होळी झाल्यावर ती वर्गात परत आली. अजून अशक्त होती, पण पायात चप्पल होती आणि बाकावर बसली होती. मधल्या सुट्टीत मी तिला लायब्ररीत पुस्तकांना शिक्के मारायला बोलावलं. खरं तर मला तिच्याशी बोलायचं होतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "अगं, पहिल्याच दिवशी मला नाही म्हणायचं होतंस ना."

तिचा शिक्का हातातच राहिला. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती.

"नाही म्हणता येत होतं, मॅडम?"

खिडकीपाशी बागायतदारांची मुलगी वही उतरवत बसली होती. तिच्या आईला नाही म्हणायला जेमतेम दोन मिनिटं लागली होती, आणि मी तिला चहा पाजून गेटपर्यंत सोडायला गेले होते.